उसन्या उन्हातली मिरची

समोरची तीन मजली बिल्डिंग उभी राहिली आणि धर्माजीची मिरची आजारी पडली. भाईंदर पश्चिमेच्या चाळीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्याने डालड्याच्या डब्यांत रोपं लावली होती. बी सासऱ्यांचं, थेट रत्नागिरीकडचं. पूर्वी दुपारनंतर गॅलरीभर ऊन पसरायचं. आता ते फक्त शेजारच्या बाबुरावांच्या दारापुढच्या खांबावर यायचं. डबे तिथे न्यावेत, तर तिथे बाबुरावांचं पाण्याचं पिंप, शेगडी आणि खुद्द बाबुराव असत.

दिवाळीला सासरे महिपतराव आले, तेव्हा त्यांनी काडीसारखी रोपं बघून मान हलवली होती.

"जावईबापू, सावलीतली मिरची म्हणजे नुसती भाजी. लागेल, पण तिखट व्हायची नाय."

"वैशाखात या, मामा. ठसका लागला नाही तर नावाचा धर्माजी नाही!"

"लागला तर पुढच्या सालचं बियाणं तुमच्याकडनं नेतो," महिपतराव म्हणाले. गावात बियाण्याला लोक त्यांच्या दारी येत. असा माणूस जावयाकडून बी नेणार, या विचाराने धर्माजीची झोप उडाली.

तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. काठाला पोचा आलेली एक मोठी परात मालकाला विचारून त्याने घरी आणली आणि बाबुरावांच्या खांबाला तारेने टांगली. खांबावरचं ऊन परातीवर पडायचं आणि परातीवरून डब्यांत. आधी पानं करपली. मग परात जरा कलती केली, तर ऊन पोळ्या लाटणाऱ्या बायकोच्या, शेवंतीच्या तोंडावर.

"अहो, मिरची पिकवताय की मला?" ती ओरडली.

शेवटी बरोबर कोन सापडला. जास्त नाही, कमी नाही. फुलं टिकली, मिरच्या धरल्या, लालही झाल्या. धर्माजी त्यांच्याकडे दिवसातून इतक्या वेळा बघायचा की शेवंतीला मत्सर वाटू लागला.

वैशाखातला तो रविवार उजाडला. संध्याकाळपर्यंत महिपतराव येणार होते. नेमकं त्याच दुपारी बाबुरावांच्या मंदाला बघायला घोडबंदरची मंडळी आली. बाबुरावांची एकच खोली, म्हणून मंदा शेवंतीकडे नटून बसली होती. पाहुणे स्थिरस्थावर झाल्यावर ती पोह्यांचं ताट घेऊन गॅलरीतून गेली. धर्माजी आपल्या दारात बसला होता. घटकाभराने त्याचं लक्ष डब्यांकडे गेलं. तिथे ऊन नव्हतं.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"आगं बाय! सदूच्या डोल्यांना काय झालं?"

धर्माजीने डोकावून पाहिलं. परातीतलं सगळं ऊन नवऱ्या मुलाच्या तोंडावर पडलं होतं. सदू बिचारा डोळे मिचकावत होता, घळाघळा पाणी गाळत होता, पण परक्याच्या घरी जागा बदलायची कशी म्हणून तसाच बसून होता. आपल्याच हातून तार सैल राहिली, असं धर्माजीला वाटलं. मंदाचं लग्न मोडलं तर चाळीत तोंड दाखवायला जागा नाही. त्याने हळूच परात पुन्हा डब्यांकडे वळवली, पण उशीर झाला होता.

"दृष्ट लागली पोराला," सदूची आई सावित्रीबाई म्हणाल्या. "लाल मिरच्या आना. दुसरा उपाय न्हाय."

मंदाची आई पार्वती धावत शेवंतीकडे आली. दोघींनी मिळून वर्षाचा मसाला नुकताच कुटून आणला होता, त्यामुळे दोघींच्या घरी अख्खी मिरची औषधालाही नव्हती. वाणी दुकान बंद करून झोपलेला. पार्वतीची नजर डब्यांवर गेली.

"भावजी, तेवढ्या द्या ना. पोरीच्या लग्नाचा सवाल हाय."

धर्माजीला महिपतरावांचं बियाणं आठवलं. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं? त्याने मान फिरवली आणि शेवंतीने एकूण एक लाल मिरची खुडून दिली.

सावित्रीबाईंनी त्या सदूवरून ओवाळल्या आणि आत आणलेल्या शेगडीत टाकल्या. दृष्ट असेल तर ठसका लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथे क्षणभर काहीच झालं नाही. मग असा ठसका उठला की बाबुराव, पार्वती, सावित्रीबाई, मंदा आणि सदू सगळे एकदमच गॅलरीत आले.

"दृष्ट... न्हाय..." सावित्रीबाई खोकत म्हणाल्या. "मंग डोल्यांना... काय झालं होतं?"

समोर खांबावर परात लखलखत होती. सगळे आधी परातीकडे आणि मग धर्माजीकडे बघू लागले. बाबुरावांनी बाह्या सरसावल्या.

"बाबा, परात मी फिरवली," मंदा म्हणाली. "आत मान खाली घालूनच बसायचं होतं. म्हटलं, आधी बघून तरी घ्यावं."

सदूने रुमालाने डोळे टिपले.

"मग? कसा दिसलो?"

"लई रुंद," मंदा म्हणाली. "परातीत तोंड पार काठापर्यंत. म्हटलं, एवढं मोठं डोकं कसं निभवायचं! पण आता बरे दिसताय."

सदू हसला आणि पुन्हा खोकला. सावित्रीबाईंनी पदर तोंडाला लावला, तो हसू लपवायला होता. "पोरगी धीट हाय," त्या म्हणाल्या. "आमाला पसंत."

इतक्यात जिन्यातून कुणीतरी खोकत वर येऊ लागलं. आंब्याची करंडी डोक्यावर, डोळे लाल, असे महिपतराव गॅलरीत पोचले. करंडी उतरवून त्यांनी लांब श्वास घेतला आणि पोटभर शिंकले.

"कुणाची ही मिरची?"

"आपलीच, मामा," धर्माजी म्हणाला. "पण बियाणं... सगळं जळालं."

धर्माजीने दाखवल्यावर महिपतराव परातीसमोर जाऊन उभे राहिले. तिच्यातलं ऊन त्यांनी हातावर घेऊन पाहिलं.

"बियाणं माझ्याकडे मस्त पडलंय," ते शेवटी म्हणाले. "परसात फणसाखाली मात्र काय म्हणता काय येत नाय. तेवढी परात काढून द्या."