नजरेत भरणारी फरशी

धाकट्या मालकांनी सकाळी फळ्यावर ‘कॅच द आय’ असं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि काका फळ्यापासून चार पावलं मागे सरकले.

फरशांच्या त्या दुकानात काका सर्वांत जुने विक्रेते. गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याच्या चालीवरूनच ते ओळखत, की हा बाथरूमसाठी आलाय की गच्चीसाठी. थोरल्या मालकांच्या काळात एवढं पुरत होतं. पण आता थोरले घरी बसले आणि धाकटे गल्ल्यामागे आले. त्यांनी नियम काढला, की रोज एक इंग्रजी वाक्प्रचार आणि प्रत्येकानं तो दिवसातून तीनदा गिऱ्हाइकाशी बोलताना वापरायचा. ज्याला जमणार नाही त्यानं खाली गोदामात जायचं, खोकी मोजायला. गेल्या आठवड्यात ‘पीस ऑफ केक’ होतं. ही फरशी बसवणं किती सोपं आहे, हे काकांनी एका आजोबांना त्याच शब्दांत सांगितलं, तर आजोबा दुकान बंद होईपर्यंत केकची वाट बघत बसले होते.

“कॅच द आय म्हणजे नजरेत भरणं,” कॅशियरबाईंनी काकांना बाजूला घेऊन समजावलं. “सोप्पं आहे हो. आधी फरशी, मग कॅचेस, मग आय. धिस टाइल कॅचेस द आय.”

“आणि माणसाबद्दल बोलायचं असलं तर?”

“काका, तुम्ही माणसांच्या वाटेला जाऊच नका.”

काका फडक्यानं नमुने पुसत तेवढंच घोकत राहिले. फरशी, कॅचेस, आय. दुपारपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही ते बरंच झालं असं त्यांना वाटत होतं, तोच एक जोडपं आत शिरलं. चालीवरून काकांनी ओळखलं. बाथरूमच, आणि भांडण घरूनच सुरू झालेलं.

“पोपटी हवीय मला,” बाई म्हणाल्या.

“राखाडी घेऊ. घाण दिसत नाही,” नवरा म्हणाला.

“दिसत नाही म्हणजे नसते असं नाही. तुम्हाला काय, काहीच दिसत नाही.”

एरवी काकांनी असली भांडणं हातोहात मिटवली असती. पण धाकटे मालक नळांच्या कपाटाला टेकून, हाताची घडी घालून ऐकत उभे होते. काकांनी पोपटी फरशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मालकांकडे एकदा पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि घोकलेलं सगळं विसरले.

“मॅडम,” ते म्हणाले, “यू कॅच माय आय.”

नवऱ्याच्या हातातली राखाडी फरशी टेबलावर टेकली.

“काय म्हणालात?”

यांना इंग्रजी नीट कळलं नसावं, असं काकांना वाटलं. गिऱ्हाइकाला समजेपर्यंत सांगायचं, हा त्यांचा जुना बाणा. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

“माझ्यादेखत माझ्या बायकोला?” नवऱ्याचा चेहरा लाल झाला.

कॅशियरबाईंनी कपाळावर हात मारला तेव्हा काकांच्या डोक्यात उजेड पडला. फरशी राहिली होती!

“अहो साहेब, नाही हो! गैरसमज होतोय. मॅडम माझ्या नजरेत अजिबात भरलेल्या नाहीत. देवाशप्पथ. बघूनही न बघितल्यासारखंच वाटलं!”

“म्हणजे?” आता बाईंनी मान वळवली. “इतकी वाईट दिसते मी?”

“छे छे! भरण्यासारख्या आहात. पण मी भरून घेतलं नाही.”

धाकट्या मालकांना आता पुढे होणं भाग होतं. “सर, त्यांची चूक नाही. आमच्याकडे आज सगळ्यांना सक्तीच आहे तसं म्हणायची.”

“सक्ती? येणाऱ्या बायकांना असं म्हणायची?”

“दिवसातून तीनदा,” मालक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

पलीकडे बेसिन बघत असलेल्या एका आजीबाई वळल्या. “मी मघापासून उभी आहे,” त्या म्हणाल्या. “मला तर कोणी काही म्हणालं नाही.”

कॅशियरबाई गल्ल्याखाली काहीतरी शोधायला वाकल्या त्या वर आल्याच नाहीत. नवरा तक्रार करण्याची भाषा करू लागला. बाई मात्र हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

“अहो, तुम्हाला एवढा राग आला, तर एक सांगा. माझ्यात काय बदललंय?”

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. साडी पाहिली, पर्स पाहिली, चपला पाहिल्या. “चष्मा?” त्यानं चाचरत विचारलं.

“चष्मा मला कधी होता? केस कापलेत. कंबरेपर्यंतचे खांद्यावर आणलेत. गुरुवारी.”

“मागून बघितलं की लगेच कळतं,” काका मदतीच्या भावनेनं म्हणाले.

“काका, गप्प बसा!” मालक ओरडले.

बाई ताडताड निघून गेल्या. नवरा क्षणभर फरशांच्या मधोमध उभा राहिला आणि मग त्यांच्यामागे धावला. गिऱ्हाईक गेलं आणि संध्याकाळी काकाही गेले, गोदामात.

गोदामात बोलायला कोणी नव्हतं. खोक्यांवरची धूळ झटकताना काकांना सारखा बाईंचा चेहरा आठवत होता. आपल्यामुळे एका घरात आग लागली, याची टोचणी नोकरीच्या काळजीपेक्षा मोठी होती. घरी बायकोनं “जेवण का जात नाही?” विचारलं, तर ते “धुळीमुळे” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला, कालचे साहेब आलेत, तुम्हालाच विचारतायत. काका भुवयांवरच्या धुळीसकट जिना चढले. धाकटे मालक पडलेल्या चेहऱ्यानं बाजूला उभे होते. नवऱ्यानं काकांचा दंड धरला आणि त्यांना थेट मागच्या आरशांच्या दालनात नेलं.

“साहेब, मी पाया पडतो...”

“पाया नंतर पडा. ते वाक्य परत म्हणा.”

“कुठलं?”

“कालचंच. सावकाश.”

काकांना काही उमजेना. मग नवरा खाली मान घालून बोलू लागला. “कालपासून ती बोलली नाही माझ्याशी. तिला काहीतरी म्हणायला हवं.”

“मग मराठीत म्हणा ना साहेब. छान दिसतेस. दोनच शब्द.”

“मराठीत कधी म्हटलंच नाही हो. आता एकदम म्हणायचं तर जीभ वळत नाही. इंग्रजीचं बरं असतं. फसलं तर भाषेवर ढकलता येतं.”

काकांना ते शंभर टक्के पटलं. मग आरशासमोर दोघे उभे राहिले आणि काकांनी शिकवणी सुरू केली. “यू. कॅच. माय. आय.” कॅच की कॅचेस, यावर दोघांचं अडलं तेव्हा कॅशियरबाईंना बोलावून खात्री करून घेतली. काचेपलीकडून धाकटे मालक बघत होते. आपला सर्वांत जुना विक्रेता गिऱ्हाइकाला इंग्रजी शिकवतोय, हे दृश्य त्यांना पेलवेना. नवरा ओठ हलवत, पाठ करत करत दाराबाहेर पडला. जाताना फरशीबद्दल तो काहीच बोलला नाही.

चारच्या सुमारास दुकानात फोन वाजला. मालकांनी उचलला आणि काकांकडे दिला. “कालच्या बाई आहेत,” ते कुजबुजले. “जे काय बोलाल ते मराठीत बोला.”

“फरशी पोपटीच पाठवा,” पलीकडून बाई म्हणाल्या. “आणि काका, ह्यांना तुम्हीच शिकवलंत ना?”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “का हो? काही चुकलं का?”

“माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आय कॅच यू.’ आणि खरंच हात धरला. भर रस्त्यातून तसाच धरून चहाला घेऊन गेले.”

“अरे देवा! सगळं उलटंपालटं केलं त्यांनी. परत पाठवा त्यांना माझ्याकडे. नीट दुरुस्त करून देतो.”

पलीकडे बाई हसल्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “राहू दे तसंच.”