आबासाहेबांच्या मोटारीची काच

आबासाहेब स्वतःच्या मोटारीत नेहमी डावीकडून चढत. स्टिअरिंग उजवीकडे, चालकाची जागा उजवीकडे, त्या जागेचे दारही उजवीकडेच. तरीही हे गृहस्थ डावे दार उघडीत, डाव्या आसनावर गुडघा टेकीत, गिअरच्या दांड्यात अडकलेला धोतराचा सोगा सोडवीत पलीकडे सरकत आणि काही विशेष घडलेच नाही अशा मुद्रेने मिशीवरून हात फिरवीत. मी एकदा त्यांना कारण विचारले.

"घोड्यावर उजवीकडनं कोण चढतं, वकीलसाहेब?"

"पण आबासाहेब, ही मोटार आहे."

"हाय की. म्हणून काय रीत सोडायची?"

या युक्तिवादाला दिवाणी वा फौजदारी, कोणत्याही कायद्यात उत्तर नाही. मी आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेला माणूस आहे; तेव्हा हे विधान जबाबदारीने करतो.

आबासाहेबांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घोडी बाळगली गेली. संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांच्या पागेत एकच म्हातारी घोडी उरली होती. पुढे तीही गेली. त्यांनी लग्न केलेले नव्हते. स्वयंपाकाची बाई सकाळी येऊन दुपारी जाई, आणि मग माझ्या घरासमोरच्या त्यांच्या त्या घरातून उरलेला दिवसभर काही आवाज येत नसे. एका वर्षी त्यांच्या शिरोळच्या मळ्यातला ऊस चांगला गेला. आबासाहेब मुंबईला गेले आणि परत आले ते एक लालभडक, बिनटपाची, दोनच माणसे मावतील अशी शर्यतीची मोटार घेऊन. ती त्यांनी पागेत 'बांधली'. हा शब्द त्यांचा.

पुढे रोज सकाळी ते तिला कसबा बावड्यापर्यंत रपेटीला नेत. परत आल्यावर तिला ताबडतोब पागेत घालीत नसत. "दम खाऊ द्या तिला," असे म्हणत बॉनेटवर थोपटत अंगणात उभे राहत. तिच्या पाठीमागून कधी जात नसत. उसाच्या गाड्या आडव्या आल्या की आधी "हो, हो, थांब गं" असे म्हणत स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढीत, आणि ते निष्फळ ठरल्यावर मग त्यांना ब्रेकची आठवण होई. मी त्यांच्या शेजारी एकदाच बसलो आहे.

परंतु माझ्या लेखाचा विषय या मोटारीची पुढची काच हा आहे.

आमच्या पेठेची एक रीत होती. नवी बैलगाडी, नवा पंप, नवे दुकान, काहीही असो, पहिला नारळ गोपाळ वस्तादांनी फोडायचा. आणि तो दगडावर नव्हे. डाव्या तळहातावर नारळ, वरून उजव्या मुठीची एकच बुक्की, आणि दोन्ही भकले तळहातातच. एके काळी मैदाने गाजवलेल्या या म्हाताऱ्या पैलवानाला आता कुस्तीसाठी कोणी बोलावीत नसे. मान राहिला होता तो एवढ्या नारळाचा. पेठेतल्या अर्ध्या माणसांनी त्यांच्याच तालमीत लहानपणी लाल माती खाल्ली होती. आबासाहेबही त्यांतलेच.

मोटार आली त्याच दिवशी पूजा झाली. हार घातले, चाकांखाली लिंबे ठेवली. वस्ताद बॉनेटसमोर उभे राहिले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाले आणि बुक्की बसली. नारळ फुटला खरा. पण एक भकल तळहातातून निसटले, बॉनेटवरून उसळले आणि सरळ काचेवर जाऊन आदळले. काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

गर्दीत कोणीतरी खुदकन हसले. "वस्तादांचं वय झालं की," असे एक जण हळूच म्हणाला. म्हणजे कोल्हापुरी हळू, ते साऱ्या पेठेला ऐकू गेले. वस्ताद आपल्या डाव्या हाताकडे पाहत होते. तो हात थरथरत होता. त्यांनी तो उपरण्यात घातला.

"फुटला न्हवं नारळ?" आबासाहेब मोठ्याने गरजले. "मग पेढे वाटा की! तोंडं काय बघताय?"

मला मात्र तो पेढा गोड लागला नाही. ज्या मोटारीच्या जाहिरातपत्रकात काच मजबूत असल्याची स्पष्ट हमी आहे, तिची काच अर्ध्या नारळाने तडकते, हा उघड उघड मालाचा दोष होय. अन्याय दिसला की मला पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. मी त्याच संध्याकाळी मुंबईच्या विक्रेत्यांना आबासाहेबांच्या वतीने नोटीस पाठविली.

त्यांचे उत्तर आले की, बाह्य पदार्थाच्या आघाताने झालेल्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. ते वाचून माझे रक्त उसळले. मी लिहिले : "नारळ हा या देशात बाह्य पदार्थ नाही. बाह्य पदार्थ असलाच तर तो आपली मोटार होय. जी काच शुभकार्यात टिकत नाही, ती हिंदुस्थानात विकण्याचा आपणांस काय अधिकार, याचा खुलासा व्हावा." खुलासा झाला नाही. मी पुन्हा लिहिले, आणि मग पुन्हा.

दरम्यान आबासाहेब तडकलेल्या काचेनिशी रपेटीला जात होते. तडा नेमका नजरेसमोर येई, म्हणून ते मान बाहेर काढून रस्ता पाहत. महाद्वार रोडवरचा एक फ्रेमवाला येऊन मापे घेऊन गेला. "देवाच्या तसबिरीची काच बसवतो, मालक. स्वस्तात हुतंय."

"नगं रं बाबा," आबासाहेब म्हणाले. "समोरनं येणारी माणसं मला हात जोडत सुटतील."

अखेरीस माझ्या पत्रांचा मारा फळाला आला. विक्रेत्यांनी लिहिले की, ज्या व्यक्तीने नारळ फोडला तिने तो हातातून कसा निसटला हे लिहून सहीनिशी पाठविल्यास, केवळ खास बाब म्हणून नवी काच विनामूल्य देण्यात येईल. तो कागद घेऊन मी विजयी वीरासारखा समोरच्या घरात शिरलो.

आबासाहेबांनी मजकूर ऐकून घेतला. मग म्हणाले, "वस्तादास्नी हे इचारायचं न्हाय."

"एक सही, आबासाहेब! अंगठासुद्धा चालेल."

"हातातनं नारळ निसटला म्हणून त्यांनी मुंबईला लिहून द्यायचं? त्यापरीस मीच नारळ फोडला म्हणून लिवा. मी करतो सही."

"ते खोटे निवेदन होईल! साऱ्या पेठेने पाहिले आहे!"

"त्येच तर वंगाळ झालंय." ते उठून खिडकीशी गेले. "गिरणीवाल्यानं नवं इंजिन बसवलं. नारळ कुठं फोडला, ठावं हाय? पायरीच्या दगडावर. आन् वस्ताद समोरच्या कट्ट्यावर बसल्यालं. गाडीच्या दिवसापासनं म्हातारं तालमीत पाय ठेवीना झालंय. हात उपरण्यात घालून बसतंय नुसतं. काचंचं काय, वकीलसाहेब? काच मुंबईत इकत मिळती."

मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की, हक्काने मिळणारी वस्तू विकत घेणे हा कायद्याचा अपमान आहे आणि अशा माणसांमुळेच व्यापारी शेफारतात. संतापाने घरी येऊन मी खुद्द आबासाहेबांनाच एक सविस्तर पत्र लिहिले आणि रस्ता ओलांडून त्यांच्या दाराच्या फटीतून आत सारले. दुसऱ्या दिवशी मोटारीतून जाताना त्यांनी हात वर केला. "पत्र झ्याक हाय. दोनदा वाचलं," असे म्हणून ते बावड्याच्या दिशेने निघून गेले. काच त्यांनी पदरमोड करून मागविली होती.

ती आगगाडीने, गवतात गुंडाळलेल्या पेटीतून आली. मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री जुनी काच काढून नवी रबरात बसवीत होता, तेव्हा आबासाहेब समोर उभे राहून दोन्ही दिवे कुरवाळीत होते; नाल ठोकताना घोड्याला धरून उभे राहतात तसे. काच बसली. मी माझ्यापुरते ते प्रकरण बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर गलका ऐकून बाहेर आलो, तो मोटारीला पुन्हा हार, पुन्हा लिंबे, पुन्हा अख्खी पेठ गोळा झालेली. नव्या काचेचा नारळ फोडायचा होता. आणि आबासाहेब स्वतः जाऊन गोपाळ वस्तादांना घेऊन आले होते.

वस्ताद उपरण्यातून हात काढीनात. "आबा, दगडावर फोड. माझ्यानं न्हाय व्हायाचं."

"माझ्या गाडीचा नारळ दगडावर? मग तालीम काय उगा बांधलीया व्हय?"

"मग काचंवर घोंगडं तरी टाक."

"न्हाय टाकणार."

"येडा हाईस काय? परत फुटली म्हंजे?"

"परत आणू."

मला राहवले नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "आबासाहेब, निदान गाडी चार हात मागे घ्या. झाल्या प्रकारानंतर ही सरळसरळ हयगय ठरेल!" माझ्याकडे कोणी पाहिले नाही. आबासाहेब मोटारीत जाऊन बसले आणि काचेला नाक लागेल इतके पुढे वाकले.

"मारा आता. फुटली तर माझ्या थोबाडावर फुटंल. मग बघतो कोण हसतंय ते."

"गाढवा, उतर खाली!"

"न्हाय उतरत."

वस्तादांनी त्यांना आणखी दोन-तीन शिव्या दिल्या. त्या येथे लिहिता येत नाहीत. आबासाहेब हलले नाहीत. शेवटी म्हाताऱ्याने हात बाहेर काढला. तळहातावर नारळ ठेवला. त्यांनी काचेकडे पाहिले, काचेमागच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांची बोटे नारळाभोवती हळूहळू आवळत गेली.

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

बुक्की बसली. पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळले. दोन्ही भकले तळहातात होती.

मग जी आरोळी उठली तिच्यात माझाही आवाज होता, हे मी नाकारीत नाही. वस्ताद मात्र रागानेच पुढे आले. एक भकल त्यांनी काचेवरून आत बसलेल्या आबासाहेबांच्या हातात दिले.

"घे, खोबरं खा. आन् पुन्यांदा असलं काय केलंस, तर काचंच्या आदी तुला फोडीन."

"व्हय, वस्ताद," पन्नाशी उलटलेले आबासाहेब म्हणाले आणि तालमीतल्या पोरासारखे मान खाली घालून खोबरे खाऊ लागले.