ओंडक्यावरचे इन्स्पेक्टर

"साहेब येऊ देत, नाहीतर साहेबांचे साहेब! माझं एक पोर जागचं हलणार नाही!" यमुताईंनी दत्तोपंतांना ठणकावून सांगितलं.

अडुसष्ट साल होतं. लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या मागच्या खोलीत यमुताईंची बालवाडी भरायची. एकोणीस पोरं, एक फळा आणि मदतीला सिंधूताई. संस्थेचे सचिव दत्तोपंत यांनी स्पष्टच बजावलं होतं, की इन्स्पेक्टरचा शेरा चांगला आला तर बालवाडी राहील, नाहीतर त्या खोलीत सागवान रचलं जाईल.

यमुताईंना धास्ती होती ती एकट्या जयाची. चार वर्षांची ही पोर सहा महिन्यांत एक अक्षर बोलली नव्हती! बाकीची एक ते शंभर कोकलत असायची आणि ही कोपऱ्यात लाकडाच्या ढलप्या रचत बसायची. तिला सगळ्यांच्या मागे लपवायचं, असं यमुताईंनी ठरवूनच टाकलं.

मग तालीम सुरू झाली. इन्स्पेक्टर कोण? तर सिंधूताई!

"बाई, मले नाही जमत थे साहेबपण!"

"कोट चढवा, टोपी घाला, खोका आणि प्रश्न विचारा. झालात साहेब!"

सिंधूताईंनी नवऱ्याचा काळा कोट चढवला. तो गुडघ्यापर्यंत आला. दत्तोपंतांच्या घरून साहेबांसाठी खास खुर्ची आणली होती, पांढऱ्या खोळीची. ती मळू नये म्हणून यमुताईंनी दम दिला, "खुर्चीला कुणी हात लावायचा नाही!" म्हणून सिंधूताई बसायच्या सागाच्या ओंडक्यावर. बसायच्या, म्हशीसारख्या खोकायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि पोरांनी उत्तर दिलं की कोटाच्या खिशातून फुटाणे वाटायच्या. पंधरा दिवस हाच खेळ चालला. पोरं खूश!

तपासणीच्या दिवशी यमुताई आणि दत्तोपंत हार घेऊन चौकात उभे राहिले. साहेब जीपने येणार! आत सिंधूताई कोट घालून शेवटची तालीम घेत होत्या. तासभर झाला तरी जीपचा पत्ता नाही. तेवढ्यात बालवाडीतून असा काही गलका उठला, की आऱ्याचा आवाजही त्यात बुडाला! यमुताई धावल्या.

साहेब मागच्या गल्लीने सायकलवर आले होते. पायजम्याला क्लिप, हातात पिशवी. आत शिरून ते सरळ खुर्चीवर बसले होते!

"खुर्चीले हात नाही लावायचा!" जया सोडून सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे रोखलेली. सिंधूताई कोटासकट भिंतीला चिकटलेल्या. यमुताई थबकल्या; हार हातात, पाय दारात.

तोच मागच्या रांगेतून जया उठली. तिने साहेबांचं बोट धरलं, त्यांना ओंडक्यापाशी नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "थे खुर्ची नाही गा. इथं बस."

यमुताईंना वाटलं, आरा बंद पडला की काय! जया बोलली!

साहेब बसले. "बाळ, पाचानंतर—"

"पयले खोक ना!"

साहेब खोकले.

"असा नाही. मोठ्यानं!"

साहेब पुन्हा खोकले. जयाने मान डोलावली. मग तिने साहेबांचा खिसा उलटा केला. "फुटाणे काहून नाही आणले?"

ओशाळून साहेबांनी पिशवीतून काटोलची दोन संत्री काढली. जयाने ती सोलली, फोडी रांगेत मांडल्या आणि प्रत्येक फोडीवर बोट टेकवत मोजल्या. एकवीस! मग एकेका पोराच्या डोक्याला हात लावत वाटल्या. एकोणीस वाटून दोन उरल्या. एक सिंधूताईंना दिली. दुसरी साहेबांपुढे धरून म्हणाली, "आ कर."

साहेबांनी आ केला!

यमुताई बघतच राहिल्या. शंभरापर्यंत ओरडणाऱ्या एकाही पोराने आजवर काही मोजलं नव्हतं. आणि ही मुकी पोर ढलप्या रचता रचता सगळं आत साठवत होती! कुणी शिकवलं? कधी? फूल उमलताना दिसत नाही तसं त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. तोवर साहेब सही करून सायकलवर बसलेही!

आठ दिवसांनी शेरा आला. दत्तोपंतांनी तो मोठ्याने वाचला.

"'मुलांची समज थक्क करणारी. बालवाडी अवश्य चालू ठेवावी. येथील शिक्षिका कोट-टोपी घालून मुलांत मूल होतात, ही पद्धत इतरांनीही घ्यावी. मात्र हार घेऊन दारात उभ्या असलेल्या बाई कोण, हे समजू शकले नाही.'"

सिंधूताई पदरात तोंड लपवून हसल्या. दुसऱ्या दिवशी यमुताई लवकर आल्या, कोट चढवला, ओंडक्यावर बसल्या आणि खोकल्या.

जयाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या मांडीवर हात ठेवून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली,

"राहू द्या बाई, तुमाले नाही जमत. सिंधूताईले बोलवा."