भट्टीपुढचा नारळ

बंद पडलेल्या यंत्रांना तेल घालत हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे गद्रेकाका. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. रविवारी लोक दाढीबिढी करून नातेवाइकांकडे जातात. काका दाढी करून, धोतरावर इस्त्रीचा पांढरा कोट चढवून, हातात तेलाची कुपी घेऊन ओसाड कारखान्यांकडे निघत.

'बंद' हा शब्द त्यांना खपत नसे. "बंद नाही रे, थांबलाय," हे त्यांचं पालुपद. उल्हासनगरात लष्कराच्या सोडून दिलेल्या धोबीखान्यातला बॉयलर त्यांनी असाच हुडकून काढला. भोवतालच्या बराकींत सिंधी कुटुंबं राहायला आली होती आणि बॉयलरवर कुणाचे तरी पापड वाळत होते. काकांनी एकेक पापड अदबीने बाजूला ठेवला आणि झडपेत तेल सोडलं. पापडवाली धावत आली.

"साईं, ये चलेगा?"

"चलेगा क्यों नहीं? खाली थांबलेला है," काका म्हणाले.

"तो नहाने का गरम पानी कब से मिलेगा?"

पुढे महिनाभर त्या बराकीत काकांची वाट पाहत होते म्हणतात.

हे सगळं लांबून ऐकायला मजा येई. पण एका खंडेनवमीला, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, काका मला सोबत घेऊन गेले. सोनिवलीच्या वाटेवर एक काचेचा कारखाना होता. काका तिथे टाइमकीपर होते; कामगारांची हजेरी आणि फाटक त्यांच्या ताब्यात. महायुद्धानंतर तो बंद, चुकलो, थांबला होता.

फाटकाचं कुलूप कधीच गेलं होतं, नुसती कडी होती. आत पाऊल टाकताच पायाखाली काच करकरली. लांबलचक शेडमध्ये भिंतीला धरून कंदिलाच्या काचा रांगेने उभ्या होत्या, शेकडो, धुळीने आंधळ्या झालेल्या. वारा आला की एकीच्या तोंडातून बारीक हुंकार उठे, मग दुसरीच्या, मग सगळ्या रांगेच्या. वारा पडला की एकदम गप्प. पलीकडच्या अंधारात माणसं दबक्या आवाजात बोलत होती आणि आम्हाला पाहून थांबली, असंच मला वाटलं. भर सकाळी माझ्या पाठीला घाम फुटला.

"हजेरी देतायत," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

यंत्रांना तेल घालत ते मोठ्या भट्टीपाशी आले. पिशवीतून झेंडूचा हार काढला आणि एकदम थबकले. भट्टीच्या तोंडाशी फोडलेला नारळ होता. खोबरं पांढरंशुभ्र, बाजूला ओलं कुंकू. मी काकांचा कोट धरला. काका मात्र हसत होते.

"आला होता तर."

"कोण?"

"सखाराम. भट्टीवाला."

तिथेच विटांवर बसून त्यांनी सांगितलं. दर खंडेनवमीला भट्टीपुढे नारळ फोडायचा मान सखारामचा. शेवटच्या वर्षी नारळ आणायला म्हणून गेला आणि यायला पाच मिनिटं उशीर झाला. काकांनी फाटक उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. सखाराम हातात नारळ घेऊन फाटकाच्या गजांबाहेर उभा राहिला, मग निघून गेला. दसऱ्यानंतर कारखान्याला कुलूप लागलं आणि दोघांची पुन्हा गाठ पडली नाही.

"तेव्हापासून दरवर्षी नारळ असतो. माझ्या आधी येऊन जातो," काका म्हणाले. "समोर येत नाही. राग गेलेला नाही अजून."

मला तहान लागली होती. काका हार घालत होते तोवर मी बाहेरच्या विहिरीवर गेलो. तिथे सोनिवलीचा धर्मा नावाचा शेतकरी बैलांना पाणी पाजत होता. मला कारखान्यातून आलेलं पाहून तो दोन पावलं मागेच सरला.

"आत गेलता? तुमाला काय झाला नाय ना? त्या भट्टीत कोनतरी हाय, भाऊ. दर सालाला आजच्या दिशी तिच्यावर आपोआप झेंडूची माल येते. म्हून मी सकालीच नारल फोरून येतो. शांत रहावा म्हून."

मला हसू येईना. गाव काकांच्या हाराला भीत होतं, आणि काका गावाच्या नारळावर जगत होते. परतताना सगळं जिभेवर आलं होतं. काका चक्क शीळ घालत चालले होते, म्हणून गिळलं.

पुढल्या वर्षी काकांनीच घोळ केला. "यंदा उजाडतानाच जाऊन बसू. त्याला गाठतो आणि पाय धरतो. किती दिवस ओझं वाहायचं?" मी ताप आल्याचं सोंग केलं, वाट लांबची आहे म्हणालो. काका ऐकेनात.

उजाडताना आम्ही फाटकाला आतून कडी लावून उभे होतो. शेडमध्ये काचा हुंकारत होत्या. वाटेवर पावलं वाजली आणि काकांनी माझं मनगट आवळलं. नारळ घेऊन धर्मा आला. गजाआड पांढऱ्या कोटातली आकृती दिसताच तो जागीच खिळला. ना पळता येई, ना ओरडता.

"चुकला असंल तर माफी कर, बाबा," कसाबसा तो म्हणाला. "दर सालाला आनतो ना मी नारल. एक साल पन चुकवला नाय."

काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्यांची नजर उत्तम होती. आपण कुणाकडे पाहतो आहोत हे त्यांना पुरतं कळलं होतं.

"म्हणजे सखाराम एकदाही आला नाही," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळणार. मी धरायला पुढे झालो. काकांनी माझा हात बाजूला केला, कडी काढली आणि फाटक सताड उघडलं.

"या, आत या," ते धर्माला म्हणाले. "उशीर झालेला नाही."