बठ्ठं धरीसन कितलं?

लोटनअप्पा कुठलीही जाहिरात खालून वर वाचतात. वरचा ठळक आकडा, नटीचा फोटो, 'शून्य टक्के व्याज' हे सगळं ते तळहाताने झाकतात आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं तिथून सुरुवात करतात. 'वरलं त्यासनं, खाललं आपलं,' असं त्यांचं म्हणणं. सवय इतकी पक्की, की लग्नपत्रिकाही ते तळापासून वाचतात. आहेर स्वीकारणार की नाही हे त्यांना आधी कळतं, नवरानवरी कोण ते शेवटी.

अप्पा मूळचे अमळनेरकडचे. सुरतेच्या डाइंग मिलमध्ये साड्या रंगवण्यात उभा जन्म गेला. आता निवृत्त होऊन भेस्तानला आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहतात. सोसायटीत कुणाला नवा मोबाइल घ्यायचा असला, की अप्पांना बरोबर न्यायचं, हा आमचा शिरस्ता. दुकानात अप्पा फोनकडे बघतही नाहीत. कॅमेरा कसा, मेमरी किती, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. दुकानदाराच्या डोळ्यांत बघून ते अहिराणीत एकच विचारतात, 'बठ्ठं धरीसन कितलं?' म्हणजे सगळं धरून किती. आमच्या भागातल्या गुजराती दुकानदारांना अहिराणीचं हे एवढंच वाक्य येतं, पण ते ऐकलं की सावरून बसतात.

गेल्या दिवाळीआधी माझी बायको मीना हिला फोन घ्यायचा होता. दुकान नवीन होतं, मालक जितुभाई. बाहेर भल्यामोठ्या बोर्डावर किंमत लिहिलेली. अप्पांनी प्रश्न विचारला. जितुभाई हसून म्हणाले, "काका, बोर्डावर आहे तीच. तुम्ही बेसो ने." बिल आलं ते मात्र चांगलंच फुगलेलं.

अप्पांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हाई काय शे?"

"काच, काका. स्क्रीनवर लावलीय."

"कोनी सांगी व्हती?"

"सगळेच लावतात."

"अन् हाई?"

"विमा."

"अन् हाई?"

"फाइल चार्ज."

"फाइल दखाड."

जितुभाईंनी ड्रॉवर उघडला, बंद केला, नोकराकडे पाहिलं. फाइल कुठेच नव्हती.

अप्पा भांडले नाहीत. जितुभाईंनीच बसायला सांगितलं होतं, म्हणून स्टूल घेऊन ते दाराशी बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नमस्कार करून सांगू लागले, "बोर्डवर लिहिलंय ते फोनचं. काच, विमा आणि फाइल वेगळी. फाइल बघायला मागा." एक बाई आत जाऊन खरंच फाइल मागू लागल्या. जितुभाईंनी चहा पाठवला. अप्पांनी चहा घेतला, आभार मानले आणि पुढच्या माणसाला नमस्कार केला.

शेवटी जितुभाई खडू घेऊन बाहेर आले. बिलातला फाइल चार्ज रद्द केला. काच आणि विमा 'पाहिजे असल्यास' म्हणून भावासकट बोर्डावर लिहिले. अप्पांनी अक्षरं लहान वाटतात म्हणून ती पुसून पुन्हा लिहायला लावली, किमतीएवढी मोठी. त्या बोर्डामुळे दुकान चालायला लागलं, असं आता जितुभाईच सांगतात.

बिल नव्याने झालं. सिम घालून, स्पीकर चालू करून जितुभाईंनी फोन मीनाच्या हातात दिला. "बेन, एक कॉल लावून बघा."

मीना आईला लावणार, तेवढ्यात अप्पा हळूच म्हणाले, "मंगलला लावतेस का? मी इथं आहे असं सांगू नको. बरी आहे का, तेवढं विचार." आणि त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला.

मंगल त्यांची एकुलती एक मुलगी, कामरेजला दिलेली. तिच्या लग्नाच्या बैठकीतही अप्पांनी नवऱ्याकडच्यांना तोच प्रश्न विचारला होता. त्या भल्या माणसांनी हुंडा म्हणून काहीच मागितलेलं नव्हतं. चारचौघांत त्यांना तो अपमान वाटला. लग्न झालं, पण मंगलच्या मनातून ते गेलं नाही. सणासुदीला दोन शब्दांचा फोन, बस्स. नात झाल्याचंही अप्पांना फोनवरच कळलं. कामरेज काही लांब नाही, पण अप्पा गेले नाहीत आणि तिनेही बोलावलं नाही.

"मंगलताई, मी मीना, भेस्तानहून. नवा फोन घेतला, सहज लावला. बरी आहेस ना?"

पलीकडून आलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, "अप्पा शेतस ना तठे?"

अप्पा मान हलवून नाही म्हणत होते. मीनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहेत."

अप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला. "बोल, माय."

"तुमनी नात इचारस, आज्या कसा दिखस?"

जितुभाईंनी दुकानातलं गाणं बंद केलं. अप्पा म्हणाले, "उद्या येस मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, हातात सुरती घारीच्या मिठाईचा डबा.

"मीना, एवढ्याशा पोरीला घारी चालते का? लई तुपकट असते."

"थोडी थोडी द्या, अप्पा."

त्यांनी मान डोलावली, तरी तिथेच उभे राहिले. मग जरा वाकून डोकं तिच्यापुढे केलं.

"टोपी नीट बसली का बघ. पहिल्यांदाच पाहणार आहे ती मला."

मीनाने टोपी जराशी सरळ केली, आणि अप्पा बसकडे निघाले.