चिकट भाताच्या तटाची बखर

योंगतिंगच्या डोंगरमुलखी रताळ्यांच्या मळ्यावर जो घोर प्रसंग गुदरला, तो मागाहून येणारांस ठाऊक असावा, म्हणोन साद्यंत हकिकत ऐसी जे, सारी भाऊबंदकी एकत्र राहते त्या मातीच्या चौमजली गोलघरात उभा जन्म नांदलेल्या युनमोई आजी यांचा मळा डुक्करराज सुळेबहाद्दर यांनी लागोपाठ दोन साले लुटून फस्त केला, आणि श्यामेन शहरी राहणारे चिरंजीव छिनफुक यांचा निर्वाणीचा हुकूम आला की, यंदाही पीक गेले तर मातोश्रींनी हट्ट सोडोन आमचे अकराव्या मजल्यावर राहावयास यावे.

आजींस तो मजला नामंजूर. मग त्यांनी मसलत केली की, वाडवडिलांनी दरोडेखोरांवर जैसा तट उभारिला, तैसाच मळ्याभोवती उभारावा. तांबडी माती, वाळू, चुना, पोटात बांबूच्या कामट्या, आणि सर्व एकजीव करावयास चिकट भाताची खळ व काळा गूळ.

दीर थिएनफा तारेच्या कुंपणाच्या पक्षाचे. ते चुलीशी येऊन म्हणाले, "वहिनी, भिंत घालताय की नव्या वर्षाचा गोड भात करताय?"

"लांब राहा भावजी. तुमच्या पोटासाठी नाहीये हे."

परंतु गुळाचा वास गोलघराचे चारी मजले चढला, आणि तमाम रयत वाडगे घेऊन उतरली, आणि चाखून पाहतो म्हणत म्हणत, आजी विहिरीवरून येईतो सगळा तट शिबंदीनेच खाल्ला. भावजींच्या मिशीस एक बुरूज चिकटला होता.

आजी मटकन खाली बसल्या. कोठीत सणापुरता राखलेला तांदूळ तेवढा उरला होता. मग उठोन त्यांनी तोही शिजविला, आणि सर्वांदेखत कढईत चुना ओतला. एकच हाय हाय जाहली. मग फर्मान सुटले की, ज्यांनी तट खाल्ला त्यांनीच तट ठोकावा.

"आणि भावजी, तुम्ही दोन वाडगे खाल्लेत. कोपरे तुम्ही ठोका."

माती ठोकावयाचे धुमस पडू लागले, आणि आजींच्या लहानपणी ठोकताना जे गाणे म्हणत, ते कोणी म्हाताऱ्याने धरिले, आणि आजी भिजले डोळे पुसोन कामट्या पुरवू लागल्या.

तट सुकला, रताळी भरली, आणि सुळेबहाद्दर सहकुटुंब चालून आले. धडक मारिली, मग हुंगले, मग चाटले, मग चवताळून पुन्हा धडक मारिली. तो सुळ्याचे टोक तटात रुतोन मोडले, आणि फौज दरीत पळाली.

मग पीक गेलेच असेल ऐसे धरोन छिनफुक मातोश्रींचे कपडे न्यावयास रिकामी बॅग घेऊन दाखल जाहले. मातीची भिंत पाहून हसले, आणि परीक्षेस्तव खिळा ठोकिला. तो वाकला. दुसराही वाकला.

"आई, घातलंयस काय यात?"

"सणाचा भात. तुझ्या वाटचासुद्धा."

बॅग श्यामेनास परतली ती रताळ्यांनी भरोन, आणि आजी आपले जागी कायम राहिल्या. येणेप्रमाणे फत्ते जाहली. सुळ्याचे टोक अद्याप तटात आहे; ज्यास शंका असेल त्याने हात लावून पाहावे, चाटू नये.