ब्रेंडा नावाच्या जहाजाची नोंद

टोलगारा खाडीवरचा उचलता पूल सोमवारी सकाळी एका मासेमारी नौकेसाठी वर गेला आणि खाली यायला त्याने नकार दिला. टास्मानियाच्या त्या किनाऱ्यावर पूल आहे म्हणून गाव आहे. पश्चिमेला बंदर कार्यालय, दवाखाना आणि बरी कॉफी. पूर्वेला घरं, शाळा आणि बेकरी. त्या दिवशी कॉफीला गेलेले शिक्षक पश्चिमेकडे अडकले आणि मुलं पूर्वेकडे, त्यामुळे पूर्वेकडे आनंदाचं वातावरण होतं.

मेरिन टलॉक ही बंदर कार्यालयातली एकमेव प्रोग्रामर. नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट त्याच शुक्रवारी संपत होतं. पूल चालवणारा प्रोग्राम रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेला होता. (पुलाच्या कामात रस्ट, म्हणजे गंज, वापरणार, असं निविदेत छापून आलं तेव्हा रंगकाम विभागाने लेखी हरकत घेतली होती. तिचा निकाल अजून लागायचा होता.) ही भाषा भारी चिकट. तिचा कंपायलर म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राच्या हवाली करणारा कारकूनच. एखादी जागा रिकामी निघू शकते, असा नुसता संशय आला तरी तो विचारतो, रिकामी निघाली तर काय करू? उत्तर मिळेपर्यंत कागद पुढे सरकत नाही. पळवाट एकच. 'रिकामी निघणारच नाही, मी सांगतो ना,' असं लिहून द्यायचं. तो ऐकतो. पण पुढे ती खरोखर रिकामी निघाली, तर प्रोग्राम हात वर करून जागच्या जागी थांबतो. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या सल्लागारांनी, बहुधा घरी जायच्या घाईत, नेमकं तसंच लिहून दिलं होतं.

पूल खाली आणण्याआधी प्रोग्रामने नियमाप्रमाणे खाली कोण आहे ते पाहिलं. नौकेमागोमाग एक सील मादी आली होती आणि पुलाच्या चौथऱ्यावर ऊन खात पसरली होती. प्रोग्रामने जहाजांच्या नोंदणीत तिचं नाव शोधलं. नाव नव्हतं. प्रोग्रामने हात वर केले. पुलाचे आधीच वर होते.

मेरिनने पडद्यावरचा संदेश शेवटपर्यंत वाचला. हे कार्यालयात प्रथमच घडत होतं. ती उठून बंदर अधिकारी वॉर्विक पायबस यांच्याकडे गेली.

"एक ओळ बदलायची आहे," ती म्हणाली. "नाव नसेल तर जाऊ दे, एवढंच."

"एकच?" वॉर्विकना ते जरा लागलं. "अगं, अख्खं गाव अडकलंय. कारण थोडं मोठं नाही का सापडत?"

"नाही."

"बंद करून परत चालू करून पाहिलंस?"

"दोनदा. तो जागा होतो, सील बघतो आणि परत थांबतो."

"आणि बदलाला मंजुरी कुणाची घेणार? समितीचे तिघेही राहतात पूर्वेला. सभा होते पश्चिमेच्या दालनात."

"फोनवर घ्या सभा."

"मागे घेतली होती. कॉलिन बाथटबमध्ये होता. तेव्हापासून ठराव आहे, सभा समोरासमोरच."

"मग बोटीने आणा त्यांना."

"पूल नादुरुस्त असताना खाडीतून प्रवासी न्यायला बंदी आहे. आपणच घातलीय."

"म्हणून तर म्हणते, पूल दुरुस्त करू."

"त्याला मंजुरी लागते ना, बाळा," वॉर्विक मायेने म्हणाले.

पूल हाताने उतरवायचा दांडा जुन्या यंत्रणेसोबत लिलावात गेला होता. सीलला हुसकावावं, तर वन्यजीव खात्याच्या नियमाप्रमाणे तिच्या चाळीस मीटरच्या आत जायची सोय नव्हती. मेरिनचं डोकं फिरलं.

"मग असं करा," ती म्हणाली, "प्रोग्राम बदलता येत नाही ना? सीललाच नाव द्या."

हा टोमणा होता. वॉर्विकनी तो टिपून घेतला. प्रोग्राम बदलणं हा धोरणात्मक निर्णय, पण नोंदणी करणं ही दैनंदिन बाब, तिला कुणाचीच मंजुरी लागत नाही. त्यांनी आपल्या पहिल्या पत्नीचं नाव सुचवलं. नोंदणीसाठी नगावर कार्यालयाचं सील उमटवावं लागतं. चाळीस मीटरवरून सीलवर सील कसं मारायचं, यात दुपार गेली. शेवटी ते तिच्या फोटोवर मारलं. 'ब्रेंडा' नावाचं जहाज नोंदलं गेलं, पूल खाली आला, शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलं रडत घरी गेली.

मंगळवारी सकाळी ब्रेंडा मासे मारायला निघाली. नोंदणीकृत जहाज पुलाखालून जाणार, म्हणून प्रोग्रामने भोंगा वाजवला, फाटकं पाडली आणि पूल वर नेला. ब्रेंडा जरा वेळाने परत आली. पूल पुन्हा वर गेला. तिला ते आवडलं असावं, कारण पुढे ती उगाचच ये-जा करू लागली. जहाजावर दिवा नाही आणि जीवरक्षक जाकिटं नाहीत, म्हणून तपासनीसाने चौथऱ्यावर नोटीस चिकटवली. ब्रेंडाने ती खाल्ली. नोटीस बजावली गेली, असा शेरा पडला.

बुधवारपर्यंत तिचा गोतावळा आला. बिननावाचं प्रत्येक तोंड दिसलं की प्रोग्राम थांबे, आणि नाव दिलं की पूल उचले. नावं पुरेनात. वॉर्विकनी स्वतंत्र सील नोंदणी विभाग उघडला, माणसं भरली. फाटकाशी खोळंबलेल्या गाड्यांना बेकरीवाल्याने शिंपल्यांचे पॅटिस विकायला सुरुवात केली आणि त्याला पहिल्यांदाच बरे दिवस आले. एका जोडप्याने वर गेलेल्या पुलाखाली लग्न लावलं. मेरिनचा नवरा जाँटी फोनवर म्हणाला, "मी फाटकाशीच आहे. ब्रेंडा चाललीय. तू जेवून घे, आणि माझंही खाऊन टाक."

शुक्रवारी ब्रेंडा झोपलेली पाहून समितीचे तिघे पळतपळत पूल ओलांडून आले आणि अखेर सभा भरली. मेरिनने ओळ समजावून सांगितली. अध्यक्ष कॉलिन फेरल यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे नाव नसलं तरी कुणीही जाणार?"

"सील आहेत हो ते."

"आणि नोंदणी विभागाचं काय करायचं?"

"तो लागणारच नाही."

नव्याने भरती झालेल्या बाईंनी टाइप करणं थांबवलं. दाराशी उभा असलेला बेकरीवाला मेरिनकडे असा बघत होता, जणू तिने त्याच्या भट्टीत पाणी ओतलं होतं.

"तुझं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही," कॉलिन समजुतीने म्हणाले. "पण या विभागाला प्रमुख हवाय. जागा कायमची आहे. खिडकी खाडीकडे. आम्ही म्हणत होतो, ती ओळ तुझ्याइतकी कळते कुणाला?"

मेरिनने पडद्याकडे पाहिलं. ओळ तिथेच होती, दोन बोटांनी बदलता आली असती. तिला भाडं आठवलं, आणि संध्याकाळी संपणारं कंत्राट. बाहेर भोंगा वाजला, पूल उचलू लागला, आणि पलीकडून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. तिला हसू फुटलं. आठवडाभर दाबलेलं, आवरता न येणारं हसू. समितीने ते होकार म्हणून नोंदवून घेतलं.

"प्रस्ताव मागे घेते," ती डोळे पुसत म्हणाली.

"नोंद करा," कॉलिन म्हणाले. "दुरुस्तीचा सखोल विचार झाला."

घरी जाताना ती फाटकाशी बराच वेळ खोळंबली. तिने एक पॅटिस घेतलं आणि मुळीच कुरकुर केली नाही. आता तो खोळंबा तिच्याच विभागाच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

टोलगाराला हसणाऱ्या वाचकांनी एकदा आपल्या न्हाणीघरात डोकावून यावं. तिथला गळका नळ आणि त्याखाली कैक वर्षं ठेवलेली ती बादली जागेवर असेलच. नळाला फक्त एक वायसर लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या बादलीच्या पाण्यावर आता गॅलरीतला मोगरा जगतो, आणि बादली भरली की आठवण करायचं काम घरातल्या कुणाकडे तरी सोपवलेलं आहे. ते माणूस तुम्हीच नाही ना, एवढं पाहून घ्या.